मिक्स्ड कंडिशनल आणि माझा कापलेला अर्धा मार्क

तुमचा प्रश्न असा की ‘इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव अ गुड जॉब नाऊ’ हे वाक्य (मिक्स्ड कंडिशनल, म्हणजे अट एका काळातली आणि परिणाम दुसऱ्या काळातला असं जर-तरचं वाक्य) बरोबर कसं? सर तर म्हणतात, इफच्या बाजूला हॅड स्टडीड आलं की पलीकडे वुड हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूपच पाहिजे. तुमचे सर चुकतात. माझेही चुकले होते.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन. उशिरा परतल्यावर आईने बाज अंगणात ओढली आणि आम्हा भावंडांनाही बाहेर घेतलं. वडील म्हणाले, दव पडतंय, आत चला. आई म्हणाली, “आत लई उकडायलंय, मी नाही येत.” शेवटी चिडून तेही बाहेर आले. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं जड छत. आत कोणी असतं तर वाचलं नसतं. पुढे गाव दुसरीकडे बसवलं. पुनर्वसनातली घरं सरळ रांगेत, वडिलांना पहिलं वर्षभर स्वतःचं दार सापडायचं नाही.

चार वर्षांनी दहावीच्या सराव परीक्षेत इफ वापरून वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘इफ द अर्थक्वेक हॅड नॉट कम, वी वुड बी लिव्हिंग इन अवर ओल्ड व्हिलेज नाऊ.’ सरांनी वुड बी लिव्हिंग खोडून लाल शाईने वुड हॅव लिव्ड केलं, अर्धा मार्क कापला आणि वर्गात वाचूनही दाखवलं, टाइप थ्री (हॅड आणि वुड हॅव, मागे न घडलेल्या गोष्टीचं) आणि टाइप टू (नुसतं वुड, आजच्या कल्पनेचं) यांची खिचडी म्हणून.

आता मराठीत म्हणून बघा. ‘भूकंप झाला नसता तर आज जुन्या गावात राहत असतो.’ हे माझं. ‘जुन्या गावात राहिलो असतो.’ हे सरांचं. राहिलो असतो म्हटलं की गोष्ट मागेच संपते, आणि आमची तर संपलेली नव्हती, रोज सकाळी नव्या गावातच उठत होतो. घटना कालची, परिणाम आजचा, म्हणून एकीकडे हॅड आणि दुसरीकडे नुसतं वुड.

तुमच्या वाक्यात फसवतंय ते हॅव. ‘आज चांगली नोकरी असती’ यातल्या असतीचं ते हॅव आहे, म्हणजे मुख्य क्रियापद. वुड हॅव गॉट म्हणाल तर ती ‘मिळाली असती’.

उलटी खिचडीही असते. ‘आई हट्टी नसती तर त्या रात्री आत झोपली असती.’ इफ माय मदर वेअर नॉट स्टबर्न, शी वुड हॅव स्लेप्ट इनसाइड. आई आजही तितकीच हट्टी आहे, म्हणून वेअर नॉट. हॅड नॉट बीन लिहिलं की हट्टीपणा तेवढ्या रात्रीपुरता होतो, आणि ते आमच्या घरात कोणीही मान्य करणार नाही.

माझा चुलतभाऊ लातूरला इंग्रजीचे क्लास घेतो. दर दिवाळीला आमचं यावरून वाजतं. दादाचं म्हणणं, पोरांना तीन टाइप पाठ करून दे, मार्क येतात, डोकं खाऊ नको. मी म्हणतो, टाइप पाठ केलेलं पोर ‘तेव्हा उपचार मिळाले असते तर आज ती जिवंत असती’ हे इंग्रजीत सांगूच शकणार नाही. माणूस जे खरोखर सांगायला तडफडतो, ते बहुतेक याच साच्यात असतं. पाठांतराने मार्क येतात हे मान्य, पण मग त्याला व्याकरण शिकवलं म्हणू नये.

बाकी, गाळलेल्या जागेत नाऊ किंवा टुडे दिलेलं नसेल तर गुपचूप टाइप थ्री भरा, तपासणाऱ्याशी भांडायला तुम्ही समोर नसता. आणि माझी मराठीवरून ओळखायची युक्ती एका ठिकाणी दगा देते. ‘पैसे असते तर गाडी घेतली असती’ हे आपण आजच्याबद्दलही बोलतो. तिथे घेतली असती असूनही इंग्रजीत नुसतं वुड बाय लागतं. हे दादाला अजून सुचलेलं नाही, कृपया कोणी कळवू नये.