तुमचे प्रश्न: तमिळ सिनेमाची 'आची', मनोरमा

मागच्या वेळी साउथच्या विनोदी नट्यांबद्दल लिहिताना मनोरमाचं नाव नुसतं घेऊन पुढे गेले, आणि नेमकी तिच्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून यावेळचं अख्खं सदर तिच्यासाठी. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न: ही मनोरमा म्हणजे 'सीता और गीता'मधली डोळे गरागरा फिरवणारी छळवादी चाचीच ना?

उत्तर: नाही हो. ती वेगळी, हिंदीतली. तिचा जन्म लाहोरचा, मूळ नाव एरिन आयझॅक डॅनियल्स, ती २००८ मध्ये गेली. तमिळ मनोरमाचा तिच्याशी काही संबंध नाही, दोघींनी पडद्यासाठी घेतलेलं नाव तेवढं सारखं. त्यात आणखी गोंधळ असा की तमिळ मनोरमा पण १९७४ ला 'कुंवारा बाप'मध्ये मेहमूदसमोर होती, त्यामुळे जुने पिक्चर बघणाऱ्यांची हमखास गल्लत होते.

प्रश्न: तिचं बालपण फार हालाखीत गेलं असं ऐकलंय. नाटकात कशी आली?

उत्तर: जन्म २६ मे १९३७, गाव मन्नारगुडी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं. म्हणजे आपल्या भोसल्यांचं राज्य जिथे होतं त्याच मुलखातली मुलगी. नाव गोपीशांता. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आई या लहान पोरीला घेऊन कारैकुडीजवळच्या पल्लत्तूरला आली, तिथे लोकांच्या घरी कामं करून दोघींचं पोट भरायची. पुढे आईला रक्ताच्या उलट्या व्हायला लागल्या, ती अंथरुणाला खिळली, मग अकरा वर्षांच्या मुलीनेच शाळा सोडली आणि ती लोकांच्या घरी कामाला जायला लागली. मला हे लिहिताना पण कसंतरी होतं, कारण पुढे कित्येक पिक्चरमध्ये ती मोलकरीण झाली आणि त्यातली एकही मोलकरीण नुसती हसण्यावारी न्यायची बाई वाटत नाही.

तर गावात एक नाटक कंपनी आली होती. त्यांच्या एका छोट्या रोलसाठी जी मुलगी होती तिला गाता येत नव्हतं, आणि ही पोर गाते हे गावात सगळ्यांना माहीत, म्हणून हिला उभं केलं. वय बारा. तेवढ्यावर गाडी सुरू झाली ती थांबलीच नाही. 'मनोरमा' हे नाव पण नाटकवाल्यांनीच दिलं. नंतर एस. एस. राजेंद्रन यांच्या नाटक मंडळीत ती आली आणि तिथून मद्रास. आपल्याकडे तमाशाच्या फडात नाहीतर फिरत्या नाटक कंपनीत तयार झालेला कलाकार कसा कुठल्याही गावात, कुठल्याही पब्लिकसमोर न घाबरता उभा राहतो, अगदी तसंच तिचं होतं. कॅमेऱ्यासमोर जी बेधडक वाटते ना, ती स्टेजवरची कमाई आहे.

प्रश्न: 'आची' म्हणजे आजी का?

उत्तर: तसं नाही. पल्लत्तूर येतं चेट्टीनाड भागात, आणि तिकडे मानाच्या बाईला आची म्हणतात. ती त्या भागात वाढली, तिकडची बोली तिच्या तोंडात बसलेली, त्यामुळे हळूहळू सगळं तमिळनाडूच तिला आची म्हणायला लागलं.

प्रश्न: दिसायला छान होती, गाता येत होतं, मग हिरॉईन का नाही झाली? तिच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं.

उत्तर: हा प्रश्न तीन जणींनी विचारलाय, म्हणून नीट लिहिते. पहिला पिक्चर १९५८ चा, 'मालैयिट्टा मंगै', कवी कण्णदासन यांनी काढलेला. त्यात तिला कॉमेडी रोल मिळाला आणि तिला स्वतःलाच ते जरा लागलं होतं, कारण नाटकात ती हिरॉईनची कामं करत होती. तेव्हा कण्णदासननी तिला समजावलं की हिरॉईन झालीस तर चार-पाच वर्षं टिकशील, असे रोल केलेस तर खूप वर्षं टिकशील. ही आठवण तिनेच नंतर सांगितलीय. १९६३ ला सेलमच्या मॉडर्न थिएटर्सच्या 'कोंजुम कुमरी'मध्ये ती हिरॉईन पण झाली, म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. पण नागेश आणि चो या विनोदी नटांबरोबर तिची जी जोडी जमली त्याला तोड नव्हती, आणि कॉमेडीतच ती रमली.

अन्याय झाला का? मला विचाराल तर अन्याय रोलमध्ये नाही, मोजमापात झाला. पिक्चर चालला की नाव हिरो-हिरॉईनचं, आणि अडीच तास खुर्चीत बसवून ठेवलं कुणी तर हिने. कॉमेडीत सेकंदाचा हिशोब असतो, समोरचा नागेशसारखा वाऱ्यासारखा पळणारा नट असेल तर त्याच्या पुढेही जायचं नाही आणि मागेही राहायचं नाही, आणि हे वर्षानुवर्षं करायचं. नॅशनल अवॉर्ड मिळालं ते 'पुदिय पादै'साठी, १९८९ चा पिक्चर, सहायक अभिनेत्रीचं. म्हणजे पहिल्या पिक्चरनंतर तीस वर्षांनी! पद्मश्री २००२ ला. मला हे फार उशिरा वाटतं आणि मी ते बोलणारच.

प्रश्न: हजार पिक्चर केले हे खरं की थाप?

उत्तर: खरं. हजाराच्या वर, गिनेस बुकात नोंद आहे तिच्या नावाची. बहुतेक तमिळ, पण तेलुगू, मलयाळम, कन्नड पण आहेत. एका दिवसात दोन-तीन सेटवर पळणाऱ्या नटांचा तो काळ होता हे लक्षात घ्या.

प्रश्न: पाच मुख्यमंत्र्यांबरोबर काम केलेली नटी ती हीच का?

उत्तर: हो, हीच. अण्णादुरै आणि करुणानिधी यांच्याबरोबर नाटकात, एमजीआर आणि जयललिता यांच्याबरोबर तमिळ पिक्चरमध्ये, आणि आंध्रचे एनटीआर यांच्याबरोबर तेलुगूत. तिकडे सिनेमा आणि राजकारण एकाच घरात नांदतात म्हणून हे जमलं.

प्रश्न: गाणी स्वतः म्हणायची का?

उत्तर: बरीच. १९६८ चं 'वा वाद्यारे' नक्की ऐका, चोबरोबरचं, त्यात तिचाच आवाज आहे, आणि भाषा म्हणजे मद्रासच्या गल्लीबोळातली, रिक्षावाल्यांची, मच्छीमारांची असते तशी. मन्नारगुडीत जन्मलेली आणि चेट्टीनाडात वाढलेली बाई ती भाषा अशी बोलते की मद्रासवाले पण तिला आपली म्हणतात. आणि गंमत बघा, १९९४ ला ए. आर. रहमानच्या मद्रास शहरावरच्या गाण्यात सुद्धा तिचा आवाज आहे, मधे सव्वीस वर्षं गेली तरी ठसका तोच.

प्रश्न: संसाराचं काय? लग्न केलं होतं ना?

उत्तर: केलं होतं, नाटक कंपनीतल्याच माणसाशी, १९६४ ला. दोन वर्षांत वेगळे झाले. एक मुलगा, त्याला तिने एकटीने वाढवलं आणि काम एक दिवस थांबवलं नाही. यापेक्षा जास्त खोदून विचारू नका, तो तिचा खाजगी भाग आहे.

प्रश्न: तमिळ येत नाही, सबटायटल वाचून बघायचंय. कुठून सुरू करू?

उत्तर: डोळे झाकून 'तिल्लाना मोहनांबाळ', १९६८. शिवाजी गणेशन नादस्वरम वाजवणारा, पद्मिनी भरतनाट्यम करणारी, दोघांचा मानापमान, भांडण आणि प्रेम. दोघंही त्या काळचे डोंगराएवढे स्टार, आणि त्यांच्यामध्ये येते मनोरमाची जिल जिल रमामणी, नाटक कंपनीतली कलावंतीण, भडक कपडे, बोलणं धबधब्यासारखं. पहिल्यांदा बघाल तेव्हा हसाल. दुसऱ्यांदा बघताना मला जाणवलं की ही बाई कुणाची नक्कल करतच नाहीये, पल्लत्तूरच्या त्या कंपनीपासून ज्या बायकांच्या बरोबर ती मेकअपला बसली, एकाच चटईवर झोपली, त्याच ती आपल्यासमोर आणून उभ्या करतेय, आणि त्यांची थट्टा होऊ देत नाही.

त्यानंतर 'संसारम अदु मिनसारम', १९८६, दिग्दर्शक विसूंचा. एका घरातली भांडणं, घराच्या मधोमध मारलेली रेघ, आणि घरची मोलकरीण कण्णम्मा म्हणजे आपली आची. त्यात ती मालकाच्या व्याह्याला जो हिसका दाखवते तो सीन तमिळ माणसं अजून तोंडपाठ म्हणतात. मग 'चिन्न गौंडर', १९९२, पुढे आलेले दात लावून विजयकांतची आई झालीय, आणि आई बघायचीच असेल तर 'अपूर्व सगोदरर्गल' पण घ्या, कमल हासनच्या मेकॅनिकला वाढवणारी मुनियम्मा. या चार पिक्चरमध्ये चार वेगळ्या बायका दिसतील, तमिळ कळत नसलं तरी बोलण्याचा हेल बदललेला कानाला कळतो, म्हणून डब केलेलं बघू नका, मूळ आवाजातच बघा.

प्रश्न: ती आता कुठे असते?

उत्तर: ती नाही आता. १० ऑक्टोबर २०१५ ला चेन्नईत गेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पत्रात पत्ता मागितलाय तुम्ही, तिला लिहायचं होतं म्हणून. ते पत्र मी जपून ठेवलंय.