बिग बँग पटत नाही, म्हणून कॉलेज सोडायचं?

प्रश्न : माझा मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बिग बँगवर शंका घेणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांच्याबद्दल वाचल्यापासून बिग बँग (विश्व अतितप्त, दाट अवस्थेतून प्रसरत आलं, हा सिद्धांत) थोतांड आहे म्हणतो. कॉलेज सोडून ‘स्वतंत्र खगोलशास्त्रज्ञ’ व्हायचंय त्याला. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, त्याला आर्प यांचं आयुष्य सुरुवातीपासून वाचायला लावा. मुलं नेमका बंडाचाच भाग वाचतात. आर्प हार्वर्डला शिकले, १९५३ मध्ये कॅलटेकमधून पीएचडी झाले, मग कित्येक वर्षं कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीवर रात्री जागवल्या. १९६६ मध्ये त्यांनी ३३८ विचित्र दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) अ‍ॅटलास काढला. त्यांची मतं साफ नाकारणारेही तो आजवर वापरत आलेत.

शंका आली ती या निरीक्षणांतून. जवळच्या दीर्घिकेला खेटून, कितीतरी जास्त रेडशिफ्टचा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) का दिसावा? रेडशिफ्ट म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे सरकणं; तो जितका जास्त, तितकी वस्तू दूर, असं मानतात. रेडशिफ्टवरून अंतर कळतच नसेल, तर विश्वाच्या प्रसरणाचा हिशोबच कोलमडतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या कामासाठी त्यांना दुर्बिणीचा वेळ नाकारला गेला. मला तो कोतेपणा वाटतो. आर्प मग जर्मनीत मॅक्स प्लांक संस्थेत गेले. म्हणजे तिथेही संस्था लागलीच!

पण पुढचंही मुलाला कळू द्या. एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि तिच्याजवळ दिसणारा मार्केरियन २०५ हा क्वेसार, ही त्यांची आवडती जोडी. मार्केरियनच्या प्रकाशात त्या दीर्घिकेतल्या वायूच्या शोषणरेषा (वायूने ठरावीक रंग शोषल्याच्या काळ्या खुणा) सापडल्या. प्रकाश तिच्यातून आलाय, म्हणजे मार्केरियन तिच्या मागेच आहे, तिला खेटून नाही.

आपल्या जयंत नारळीकरांनीही बिग बँग कधी मान्य केला नाही. पण ते केंब्रिजचे रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले), पीएचडी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याकडे. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत पर्यायी सिद्धांत मांडताना सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण (आकाशातून सगळीकडून येणारं मंद प्रारण, बिग बँगचा मोठा पुरावा) कुठून येतं, याचं उत्तर त्यांनी द्यायचा प्रयत्न केला. बहुतेकांना पटलं नाही, पण वाद समीकरणांवर झाला.

तुमच्या मुलाला एवढंच विचारा : सगळ्या आकाशातून येणारं २.७ केल्विनचं प्रारण आणि विश्वातल्या साध्या पदार्थात वस्तुमानाने साधारण पाव हिस्सा हेलियम, हे बिग बँगशिवाय कसं आलं? उत्तर कागदावर, आकड्यांत हवं. व्हिडिओची लिंक चालणार नाही. भांडायचीच हौस असेल तर मुख्य प्रवाहातही जागा आहे : हबल स्थिरांक (विश्व किती वेगाने प्रसरतं ते सांगणारा आकडा) एका पद्धतीने ६७च्या आसपास येतो, दुसरीने ७३, आणि मेळ लागत नाही.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. असं संशोधन स्वतंत्रपणे करणाऱ्याला पगार कोण देणार? शिकवणं, सॉफ्टवेअर, डेटा अ‍ॅनालिसिस असं काहीतरी करूनच घर चालवावं लागतं, आणि त्यालाही डिग्री लागते. पायथन आणि संख्याशास्त्र आत्तापासून शिकू दे. दोन्हीकडे उपयोगी पडेल.

स्लोन सर्व्हे (आकाशाची मोठी पाहणी), गाया आणि हबल या अवकाश दुर्बिणी, यांचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. सुट्टीत त्याने मार्केरियन २०५चा स्पेक्ट्रम स्वतः उतरवून त्या शोषणरेषा शोधाव्यात. सापडल्या नाहीत, तर त्याने मला थेट पत्र लिहावं.