पट्टेरी पीस घुबडाचंच का?

प्रश्न : सकाळी झाडाखाली पिसांचा सडा पडलेला दिसला. पिसं गडद तपकिरी, त्यांवर आडवे पांढरे पट्टे. सगळ्यात लांब पीस जवळजवळ वीतभर. रक्त नाही, हाडं नाहीत. घरचे म्हणतात, घुबड. पक्षी कोणता आणि त्याला मारलं कोणी? फोटो आणि तीन पिसं पाठवतो आहे.

उत्तर : तुमचं पाकीट उघडलं आणि रंग बघण्याआधी मी पिसावरून बोट फिरवलं. घुबडाच्या पंखाचं पीस वरून मखमलीसारखं लागतं. पंखाच्या टोकाकडच्या पिसांना पुढच्या कडेवर फणीसारखे बारीक दाते असतात. त्याचं उडणं ऐकू येत नाही ते यामुळेच. तुमची पिसं गुळगुळीत, कडक, कड सरळ. घुबड नव्हे.

मग पीस शरीराच्या कुठल्या भागाचं, ते पाहिलं. हे आधी ठरवल्याशिवाय रंगाकडे वळूच नये, असं माझं मत आहे. दांड्याच्या एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद, असं पीस बहुधा पंखाच्या टोकाकडचं असतं. तुमचं लांब पीस दोन्ही बाजूंना सारखं, दांडा सरळ : शेपटीच्या मधलं. मोजलं तर १९ सेंटीमीटर भरलं.

एवढी लांब शेपटी, गडद तपकिरी रंग, आडवे पांढरे पट्टे. ही कोकिळा आहे. कुऊ-कुऊ करणारा काळाभोर पक्षी म्हणजे नर. मादी अशी ठिपक्यापट्ट्यांची असते, त्यामुळे समोर बसली तरी बरेच जण ओळखत नाहीत. शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याच्या शेपटीवरही पट्टे असतात, पण ते राखाडीवर गडद. तुमच्याकडे नेमकं उलट आहे.

आता शिकारी. पिसांची बुडं बघा. तिन्ही मुळापासून उपटलेली आहेत आणि एकाच्या दांड्यावर चिमटा बसल्यासारखी बारीक खूण आहे. ती चोचीची. मांजर किंवा मुंगूस असतं तर दांडे दातांनी तुटलेले असते, पिसांचे झुबके लाळेने चिकटलेले सापडले असते. पिसं उपटून मग खायची, ही शिकारी पक्ष्याची रीत. उरलंसुरलं नंतर मांजराने नेलं, तर दोन्ही खुणा एकाच सड्यात मिळतात. म्हणून एका पिसावर निकाल देऊ नका.

फोटोत डावीकडे एक आखूड पीस आहे, तेही नीट बघा. त्याचं बूड अजून निळसर खोळीत आहे, म्हणजे ते वाढत होतं. बाकीची पूर्ण वाढलेली आहेत. जुनी पिसं टाकून ही कोकिळा नवी आणत होती.