अक्का, पोरांच्या मागं पळताना धाप लागते

प्रश्न : नमस्कार अक्का. मी बेळगावातल्या अनगोळचा, वय 39, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम करतो. मागच्या रविवारी मुलगी (9) आणि मुलगा (5) यांना घेऊन येळ्ळूर गडावर गेलतो, गाडी मुद्दाम खालीच लावली म्हटलं चालत जाऊया, तर अर्ध्या वाटेतच मला अशी धाप लागली की कठड्यावर बसलो आणि पोरगी मागं वळून म्हणते, "पप्पा, तुम्ही हितंच बसा की, आम्ही जाऊन येतो." ते काय डोक्यातून जाईना बघा. जिम लावायचं तर एक आठवडा फर्स्ट शिफ्ट एक आठवडा सेकंड, आणि दिवसभर आठ तास उभाच असतो की मी, तो व्यायाम धरायचा का नाही?

उत्तर : दादा, पत्र वाचून मलाच गलबलून आलं. पोरगी काळजीनंच बोलली, पण तुम्हाला ते का लागलं ते कळतं मला.

आधी लेथचं सांगते. आठ तास उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते, पण त्यात छाती भरून येत नाही, हृदयाचे ठोके वाढत नाहीत, म्हणून दमसास वाढत नाही. चढावर लागतो तो दम वेगळा आणि तो हळूहळू कमवावा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा वेग पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं अशी हालचाल सांगते आणि 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं. आता तुम्हीच हिशोब घाला, पोरांच्या त्या 60 मिनिटांतली रोज 25 जरी तुम्ही त्यांच्यात खेळलात तरी आठवड्याची 175 होतात, वेगळं जिम कशाला! आणि पूर्वी सलग 10 मिनिटं तरी झाली पाहिजेत असं सांगायचे, ती अट 2020 मध्ये काढून टाकलीय, त्यामुळं शाळेला सोडायला चालत जाणं, जिना, अंगणातली पाच मिनिटांची शिवणापाणी, सगळं धरलं जातं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ तुमचीच असते, ती सोडू नका.

मी रोज बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या मैदानात फिरायला जाते. तिथं बघते, पोरं झाडांमधनं पळत असतात आणि आई-बाप बाकावर मोबाईल घेऊन. पण एक आजी येतात, साठीच्या पुढच्या असतील, चप्पल झाडाखाली काढून ठेवतात, पदर कमरेला खोचतात आणि नातवाबरोबर लंगडी घालतात. चार उड्या मारतात, पाय टेकवतात, श्वास घेतात, परत चार. नातू ओरडत असतो "आज्जी पाय टेकला, आऊट!" आणि त्या हसत परत रेघेवर येऊन उभ्या राहतात. मला वाटतं पोरांबरोबर खेळायचं तर असंच, दमलं की थांबायचं, पण मैदानाबाहेर जाऊन बसायचं नाही.

फक्त पहिल्या दिवशीच पोरीबरोबर शर्यत लावू नका. चाळिशीच्या आसपास, सवय नसताना एकदम सुसाट पळालं की पोटरी नाहीतर टाचेमागची शीर धरते आणि मग महिनाभर लंगडत बसावं लागतं, हे मी लई जणांचं बघितलंय. आधी पाच मिनिटं नुसतं चाला, भिंतीला हात लावून चवड्यांवर 15 वेळा वर-खाली व्हा, मग खेळा. पहिले दोन आठवडे भराभर चालणं आणि चेंडू झेलणं एवढंच, मग लगोरी, मग पकडापकडी. खो-खोत पाटीवर बसून उठलात की तीच बैठक झाली, मोठ्यांनी आठवड्यातनं दोनदा ताकदीचा व्यायाम करावा म्हणतात, त्यातला पायांचा भाग त्यातनंच होतो. आणि आपल्याकडं पाऊस एकदा लागला की महिना-महिना मैदान वाळत नाही, तेव्हा घरात सूर्यनमस्कार घाला, आकडे पोरीला मोजू दे, चुकलात की ती सोडणार नाही तुम्हाला!

एक मात्र नीट ऐका. चढताना छातीत आवळल्यासारखं झालं, हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली, तर तो नुसता दम नव्हे, लगेच डॉक्टरकडं जायचं. तसं काही नसलं तरी बीपी, शुगर एकदा तपासूनच सुरू करा. आणि तीन महिन्यांनी परत येळ्ळूर गडावर जा, गाडी खालीच लावा.

प्रश्न : अक्का, मी निपाणीची, वय 34. मुलगी दोरीच्या उड्या मारायला बोलावते, पण उडी मारली की थोडी लघवी होते. दुसऱ्या बाळंतपणापासून असं आहे, तीन वर्षं झाली. मी तिला गुडघा दुखतोय म्हणून सांगते. कुणाला बोलायची लाज वाटते.

उत्तर : ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. बाळंतपणानंतर हे किती जणींना होतं, कुणी बोलत नाही एवढंच. लघवी धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात आणि ते व्यायामानं परत घट्ट होतात. लघवी रोखताना जसं आत ओढतो तसं ओढून पाच आकडे धरायचं, पाच आकडे सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातनं तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आवळायचं नाही, आणि खरोखर लघवी करताना मध्येच थांबवून हे करायचं नाही. भाकऱ्या थापतानासुद्धा जमतं. फरक दिसायला तीनेक महिने लागतात, पण तीन वर्षं अंगावर काढलंय तर आताच एकदा बायकांच्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, स्नायू बरोबर आवळले जातायत का ते त्या बघून सांगतात. तोवर उड्या बंद, चालणं चालू. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं तुम्ही धरून फिरवा आणि उड्या पोरीला मारू दे.