‘विसरलाय तो, विषय काढू नका’

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. पहिल्या भेटीत आई-वडील मुलाला बाहेर बसवतात, दार लोटून घेतात आणि हळूच सांगतात, “ताई, त्याच्यासमोर तो विषय काढू नका हं. विसरलाय तो.” अपघात असो, घरातली मारहाण असो की कुणाची आत्महत्या, वाक्य साधारण हेच. त्यामागची काळजी खरी असते. खपली काढली तर? बोलल्यानं पोर जास्तच घाबरलं तर?

एका घराबद्दल सांगते. कुटुंबाला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आमच्या संस्थेचं केंद्र पर्वती पायथ्याजवळ, समाजमंदिराच्या वरच्या खोलीत चालतं. २०२२च्या जूनमध्ये वस्तीताई, म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, एका दुसरीतल्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आल्या. धाकटी बहीण आहे म्हणून घरात सगळे त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणते.

तक्रार शाळेची होती. दादा वर्गात दाराजवळच बसायचा. आभाळ भरून आलं की वह्या आवरायचा आणि बाईंची पाठ वळली की दप्तर कपाटावर नेऊन ठेवायचा. पावसाच्या रात्री झोपायचा नाही आणि झोपलाच तर अंथरूण ओलं व्हायचं. दृष्ट काढून झाली होती, उतारा टाकून झाला होता, जंतांचं औषधही देऊन झालं होतं.

२५ सप्टेंबर २०१९ची रात्र पुण्याच्या या भागात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा त्या रात्री अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असा वस्त्यांमधून घुसला आणि पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. दादाचं घर पत्र्याचं, ओढ्याला लागून. वडील रिक्षा घेऊन बाहेर होते. घरात आई, चार वर्षांचा दादा आणि तान्ही बहीण.

“चार वर्षांचं पोर ते, त्याला काय आठवणार?” वडील म्हणाले. आजोबांचा तर या प्रकारालाच विरोध होता. “पोरं विसरतात. पानशेतच्या पुरात आमचं शनिवार पेठेतलं घर गेलं. तेव्हा कुठं होते तुमचे समुपदेशक? झालोच ना आम्ही मोठे.” १९६१ साली पानशेत धरण फुटलं तेव्हा आजोबा आठ-नऊ वर्षांचे असतील. मी वाद घातला नाही. जो माणूस ते घर गेल्याचं साठ वर्षांनी न अडखळता सांगतो, तोच ‘पोरं विसरतात’ म्हणत होता, एवढं मात्र मनात नोंदवून ठेवलं.

चार वर्षांच्या मुलाला सगळं मोठ्या माणसासारखं ओळीनं सांगता येत नाही. पण त्याला तुकडे आठवतात, आवाज आठवतो, वास आठवतो, आणि ते खेळात बाहेर पडतं. आमच्याकडं खेळण्यांची एक टोपली आहे. दादा दर वेळी त्यातून एकच खेळ मांडायचा. ठोकळ्यांची कॉट करायची, बाहुली उचलून थेट कपाटावर ठेवायची, गाड्या तिच्या शेजारी. एक प्लास्टिकचं माकड मात्र खाली कॉटवरच. मग “संपलं,” म्हणून बसून राहायचा. खेळताना मुलं हसतात, नियम बदलतात, भांडतात. यात तसं काही नव्हतं, पुढच्या भेटीत पुन्हा तेच. मी फक्त दिसलं ते म्हटलं, “माकड खालीच राहिलं.” तो म्हणाला, “त्याला पोहता येत नाही.” आणि चेंडू घेऊन निघून गेला.

माकड म्हणजे तूच का, असं मी विचारलं नाही. मुलाला समोर बसवून ‘सांग बघू काय झालं’ करणं म्हणजे मदत नव्हे. आपत्तीनंतर लगेच सगळ्यांकडून सगळं एकदाच बोलून घ्यायची पद्धत एके काळी होती. तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला, म्हणून ती वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आमच्या कामातला निम्मा वेळ मोठ्यांबरोबर जातो. दादाच्या आईबरोबर तर निम्म्याहून जास्त गेला. चार घरी पोळ्या लाटून ती दुपारी यायची, तेव्हा हातावरचं पीठही नीट गेलेलं नसायचं. बऱ्याच भेटी ती फक्त दादाबद्दल बोलली. मग एकदा त्या रात्रीबद्दल बोलली. पाणी कमरेला आल्यावर तिनं दादाला कॉटवर, पिठाच्या डब्यावर उभं केलं आणि तान्हीला घेऊन आधी पत्र्यावरच्या शेजारणीकडं दिलं. अंधारात परत आत यायला वेळ लागला. किती, ते तिला सांगता येत नाही. “त्यानं विचारलं, मला का खाली ठेवलं, तर काय सांगू?”

‘विसरलाय तो’ हे बहुतेक घरांत असंच असतं, असं माझं मत झालंय. मोठ्यांना एका प्रश्नाची धास्ती असते. आणि मुलं हुशार. एकदा विषय निघाला, आईचा चेहरा पडला, की ती पुन्हा विचारत नाहीत. आपण त्याला विसरणं समजतो.

दुसरी गोष्ट, दादाची भीती खोटी नव्हती. ओढा तिथंच आहे, घर तिथंच आहे, जून लागला होता. ‘काही होत नाही रे’ हे त्याला पटणार नव्हतं आणि का पटावं? म्हणून आम्ही आधी पावसाची तयारी ठरवली. कागदपत्रं आणि टॉर्च एका पिशवीत घालून ती माळ्यावर ठेवायची. पाणी वाढलं तर समोरच्या काकूंच्या वरच्या मजल्यावर जायचं, त्यांना आधीच विचारून ठेवायचं. वस्तीताईंनी भर उन्हात सगळ्यांना शिडीवरून एकदा चढवून बघितलं. त्यात ठरलं की आधी दादा चढणार.

“मी आधी का?” त्यानं घरी विचारलं. आईची तयारी आम्ही करून घेतली होती. ती म्हणाली, “आता तुला चढता येतं म्हणून. त्या रात्री छकुलीला उभंही राहता येत नव्हतं. तू डब्यावर उभा राहू शकत होतास, म्हणून तिला आधी नेलं. आणि मग तुझ्यासाठी परत आले.”

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पाणी दारातून नव्हतं आलं. आधी मोरीतून आलं.”

तीन वर्षं घरातली मोठी माणसं दारातून आलेल्या पाण्याची गोष्ट सांगत होती. आई आठवून बघत होती, तेवढ्यात खाटेवरून आजोबा म्हणाले, “आमच्याकडंही मोरीतूनच.” मग दादानं त्यांनाच धरलं. तुम्ही कुठं उभे होतात, तुमचं दप्तर गेलं का. आजोबा बोलत राहिले. रेशनकार्ड ते आयुष्यभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर का ठेवतात, हे त्यांच्या मुलालाही त्या दिवशी कळलं. हे सगळं मला पुढच्या भेटीत आईनं सांगितलं.

अंथरूण ओलं होणं हळूहळू कमी झालं. खेळात माकड एक दिवस गाडीत बसून वर गेलं. मोठा पाऊस आला की दादा अजूनही जागा होतो, पण आता एकटा बसून राहत नाही, आईला उठवतो. शाळेत बाईंनी त्याला खिडकीजवळ जागा दिली आणि दप्तर वर ठेवायला परवानगी दिली. महिन्याभरात त्याचं तोच ठेवायचा थांबला.

वाट किती बघायची, हेही विचारतात. घटनेनंतरचे काही आठवडे मूल चिकटून राहील, दचकून उठेल, ते साहजिक आहे. महिना उलटूनही झोप लागत नसेल, शिकलेल्या गोष्टी सुटल्या असतील, एकच खेळ चालू असेल तर दाखवा. मरणाबद्दल बोलत असेल तर महिनाही थांबू नका. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलाला आत्ता कुणी त्रास देत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर घरात पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावं लागतं, कसं ते आम्ही किंवा १०९८वाले सांगतात.

बाकी घरात विषय निघालाच तर मुलानं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, खरं आणि थोडक्यात. सांगताना तुम्हालाच रडू आलं तर उठून मोरीत जाऊ नका. “ते आठवलं म्हणून रडले, तुझ्यावर रागावले नाही,” एवढं सांगा, नाहीतर पोर ते स्वतःवर घेतं.