नाडी लागते, तरीही ताकायासू?

प्रश्न : माझ्या सव्वीस वर्षांच्या भाचीला ताकायासू आजार असल्याचे निदान झाले आहे. या आजारात मनगटाची नाडी लागत नाही असे वाचले. तिची तर लागते, फक्त रक्तदाब फार वाढतो. निदान चुकले असेल का? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : केवळ नाडी लागते म्हणून निदान चुकले असे म्हणता येत नाही. या आजारात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी शरीराची मुख्य धमनी, आणि तिच्या मोठ्या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होतात. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये एका तरुणीच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांचे विचित्र जाळे नोंदवले, आणि पुढे ‘नाडीहीन आजार’ हे नावही जपानमध्येच रूढ झाले. तेथे महाधमनीची कमान व हातांकडे, मेंदूकडे जाणाऱ्या शाखा अधिक बाधित होतात, म्हणून मनगटाची नाडी लागत नाही. भारतात मात्र पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झालेल्या अधिक आढळतात, आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचले की ते रेनिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य सोडते व रक्तदाब चढतो. आपल्याकडे पुरुष रुग्णांचे प्रमाणही जपानपेक्षा जास्त आहे. जपानी रुग्णांत एचएलए-बी ५२ हा प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकप्रकार वारंवार सापडतो, पण सगळा फरक त्यानेच उलगडतो असे मला वाटत नाही. भाचीचा रक्तदाब दोन्ही दंडांवर आणि एकदा मांडीवरही मोजून घ्यावा. त्या हाताची धमनी अरुंद असेल तर एका दंडावरचा आकडा फसवा असू शकतो.