सिगारेट ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अँटिऑक्सिडंट गोळीने वाचतात का?

बाबा तीस वर्षं सिगारेट ओढतात, सुटत नाही, मग निदान अँटिऑक्सिडंट गोळी तरी चालू करू का, असं तुम्ही विचारलंय. इंदूरला रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे. हा प्रश्न काउंटरवर बरेचदा येतो. मी डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

कल्पना वेडगळ नाही. धुरातले फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे चंचल रेणू, फुफ्फुसातलं ग्लुटाथायोन खाऊन टाकतात. ग्लुटाथायोन म्हणजे त्यांना थोपवणारं शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट. शिवाय फुफ्फुसाची लवचीकता कुरतडणाऱ्या इलॅस्टेज या एन्झाइमला आवर घालणारं जे प्रथिन असतं, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, तेही धुराने निकामी होतं. मग हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटतात. फाटलेली भिंत मात्र कोणतीच गोळी परत बांधत नाही.

डॉक्टर बहुधा एन-ॲसिटिलसिस्टीन लिहितात, पाण्यात फसफसणारी. शरीर तिच्यापासून ग्लुटाथायोन बनवतं. आमच्या काकांनी ती पहिल्यांदा ग्लासात टाकली, तर काकू आतून ओरडल्या, "घरात अंडं कोणी आणलं?" गंधकाचा वास, दुसरं काय! कफ पातळ झाला, काका खूश. पण २००५ साली युरोपातल्या ५२३ सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा, बहुधा सिगारेटने होणारा दम्यासारखा आजार) रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. रोज ६०० मिलिग्रॅम, तीन वर्षं, आणि श्वासाची ताकद घटण्याचा वेग काही कमी झाला नाही. पुढे चीनमध्ये दुप्पट मात्रेवर दम वाढण्याचे झटके थोडे कमी झाले, बस.

खरी भीती वेगळीच आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ ला निकाल आला. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारं अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ ला मधेच थांबवावी लागली. म्हणून बाबांच्या डब्यातल्या व्हिटॅमिनच्या बाटल्या उलटून पाहा. लेबलवर बीटा कॅरोटीन असेल तर बंद करा. काकांना भाच्याने परदेशातून आणून दिलेली केशरी कॅप्सूल मीच काढून घेतली होती, आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. गाजराचा हलवा खुशाल खाऊ द्या, धोका गोळीतल्या मात्रेचा आहे.

आधी छातीच्या डॉक्टरकडे स्पायरोमेट्री करून घ्या, नळीत जोरात फुंकायची तपासणी. सिगारेट सुटली तर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण घसरण मंदावते, साठीतही. निकोटीनची चुइंगम डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ती सुपारीसारखी चघळायची नसते. चार-दोनदा चावायची, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची, चुरचुर थांबली की पुन्हा चावायची. काकांनी पहिल्या दिवशी कचाकचा चावून गिळलं सगळं पाणी, आणि उचक्या लागल्या म्हणून रात्री दुकानात येऊन मलाच बोलले.